नमुन्याचा फोटो आणि साधा डिजिटल कॅमेरा : कारखानदार व कारागिरांनी घेण्यापूर्वी काय पाहावे?

कापडाचा सौदा पूर्वी हाताने होत असे. व्यापारी तागा उलगडून पाही, कापड बोटांत चुरगाळून पाही, भिंगाखाली धागे मोजी आणि मगच भावाची गोष्ट निघे. मोठे सौदे आजही तसेच होतात, परंतु मालाची पहिली ओळख आता फोटोने होऊ लागली आहे. भिवंडीच्या कापडाचे गिऱ्हाईक सुरतेला, मालेगावला, इचलकरंजीला किंवा हैदराबादला बसलेले असते आणि नमुना त्याच्याकडे मोबाईलवरून जातो. फोटो पसंत पडला तर कापडाचा तुकडा कुरिअरने मागवला जातो. पसंत पडला नाही तर बोलणे तेथेच संपते.

समजा, भिवंडी तालुक्यातील दिघाशीला एक कारखानदार सहा माग चालवतो आणि त्याच्या घरातील स्त्रिया दुपट्ट्यांवर भरतकाम करतात. त्याने पाठवलेल्या फोटोत कापड बदामी दिसले आणि गाठोडे उघडल्यावर ते पिवळट निघाले, तर माल परत येणार हे उघड आहे. जाण्याचे भाडे गेले, येण्याचे भाडे गेले, पैसे अडकले आणि त्याहून वाईट म्हणजे पत गेली. मोठा व्यापारी असा फटका एकदा सोसू शकतो. सहा माग चालवणाऱ्याला तो महिनाभर पुरतो. म्हणूनच तराजू व कात्रीप्रमाणे कॅमेरा हेही धंद्याचे हत्यार समजून त्याचा विचार करणे आम्हाला आवश्यक वाटते.

आधी एक सरळ प्रश्न

कॅमेरा घ्यायचाच का? खिशात मोबाईल आहे, त्यात कॅमेरा आहे, मग वेगळा खर्च कशाला? हा प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर प्रामाणिकपणे दिले पाहिजे. ज्यांचे काम दिवसाला चार-दोन फोटोंचे आहे आणि ज्यांच्याकडे गेल्या तीन-चार वर्षांतला बऱ्यापैकी मोबाईल आहे, त्यांनी वेगळा कॅमेरा घेण्याची गरज नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे. मधल्या किमतीच्या मोबाईलचा मुख्य कॅमेरा आज साध्या छोट्या कॅमेऱ्याच्या बरोबरीला आला आहे आणि अंधुक प्रकाशात तो पुष्कळदा सरसच ठरतो.

साध्या डिजिटल कॅमेऱ्याचा बाजार ओसरण्याचे कारणही हेच आहे. जपानी कॅमेरा उत्पादकांच्या संघटनेच्या आकड्यांप्रमाणे २०१० साली १२ कोटींहून अधिक डिजिटल कॅमेरे बाजारात आले होते. २०२३ साली हा आकडा ८० लाखांच्याही खाली आला आणि त्यात खिशात मावणारे, न बदलता येणाऱ्या लेन्सचे कॅमेरे २० लाखांपेक्षा कमी होते.

तरीही काही कामांना वेगळा कॅमेरा उपयोगी पडतो. पहिले म्हणजे, मालकाच्या मोबाईलवर बँकेचे व्यवहार, घरचे फोटो व सगळी खाजगी बोलणी असतात. तो मोबाईल मेहताच्या किंवा कामावरच्या मुलाच्या हातात दिवसभर देणे बरे नव्हे. कॅमेरा गाळ्यात राहतो आणि ज्याला फोटो काढायचे तो काढतो. दुसरे, कॅमेऱ्याला खरा झूम असतो. तिसरे, तो तिपाईवर एकदा पक्का बसवला की एकाच अंतरावरून, एकाच प्रकाशात शंभर नमुने ओळीने घेता येतात. चौथे, मधेच फोन वाजून काम अडत नाही. ज्यांना महिन्याला दोन-तीनशे नमुने, दुपट्टे, पाकिटे किंवा दागिने टिपायचे आहेत, त्यांनी पुढील गोष्टी ध्यानात घ्याव्यात.

मेगापिक्सेलचा हिशोब

अमेरिकेतील ईस्टमन कोडॅक कंपनीच्या स्टीव्हन सॅसन या अभियंत्याने १९७५ साली पहिला डिजिटल कॅमेरा जुळवला. त्याचे चित्र केवळ दहा हजार ठिपक्यांचे होते आणि ते कॅसेटवर उतरायला २३ सेकंद लागत. आज साध्यातल्या साध्या कॅमेऱ्यावर १६ किंवा २० मेगापिक्सेल असे छापलेले असते. एक मेगापिक्सेल म्हणजे दहा लाख ठिपके.

आता हे किती लागतात ते पाहू. पोस्टकार्डाएवढा, म्हणजे ४ बाय ६ इंचांचा फोटो चांगल्या दर्जाने छापायला सुमारे २२ लाख ठिपके पुरतात. ए-४ आकाराच्या पूर्ण पानाच्या कॅटलॉगला सुमारे ८७ लाख लागतात. ॲमेझॉनसारख्या ऑनलाईन बाजारात माल मांडायचा तर चित्राची लांब बाजू १००० ठिपक्यांची असली की गिऱ्हाइकाला ते मोठे करून पाहता येते. म्हणजे १६ मेगापिक्सेलचा कॅमेरा आपल्या सर्व कामांना पुरून उरतो. त्यापुढील आकड्यासाठी जादा पैसे मोजण्यात अर्थ नाही.

येथे एक इशारा देणे भाग आहे. अपरिचित नावाचे, खेळण्यासारखे हलके कॅमेरे ‘४८ मेगापिक्सेल’, ‘५६ मेगापिक्सेल’ अशा जाहिराती करून विकले जातात. त्यांपैकी बऱ्याच कॅमेऱ्यांत मूळ चित्र लहानच असते आणि आतील यंत्रणा ते फुगवून मोठे करते. पाणी घालून वाढवलेल्या दुधासारखाच हा प्रकार आहे. त्यांच्या डब्यावर ‘१६ एक्स डिजिटल झूम’ असे लिहिलेले असते, पण ‘ऑप्टिकल’ हा शब्द कोठेच सापडत नाही. अशा कॅमेऱ्यापेक्षा घरातला मोबाईल बरा.

सेन्सर आणि झूम

कॅमेऱ्याचा खरा कस सेन्सरवर ठरतो. सेन्सर म्हणजे पूर्वीच्या फिल्मच्या जागी बसलेली प्रकाश टिपणारी चकती. तिचे क्षेत्रफळ जितके मोठे तितका प्रकाश जास्त आणि रंग स्वच्छ. साध्या छोट्या कॅमेऱ्यात हा सेन्सर साधारण ६.२ बाय ४.६ मिलिमीटरचा, म्हणजे सुमारे २८ चौरस मिलिमीटरचा असतो. महागड्या खिसा-कॅमेऱ्यांतील ‘एक इंची’ सेन्सर सुमारे ११६ चौरस मिलिमीटरचा, तर लग्नाचे फोटो काढणाऱ्या व्यावसायिकांच्या फुल-फ्रेम कॅमेऱ्यातील ८६४ चौरस मिलिमीटरचा असतो. या आकड्यांवरून दोन गोष्टी कळतात. साधा कॅमेरा संध्याकाळच्या उजेडात चांगला फोटो देईल ही अपेक्षा ठेवू नये. आणि भरपूर उजेड दिला तर तो नमुन्याचे काम नीट करतो.

झूम दोन प्रकारचा असतो. ऑप्टिकल झूममध्ये लेन्स प्रत्यक्ष पुढे-मागे सरकते व चित्राचा दर्जा टिकतो. डिजिटल झूम म्हणजे मधला भाग कापून मोठा केलेला तुकडा. विचारताना केवळ ऑप्टिकल झूम किती तेवढेच विचारावे. चार-पाच पट पुरेसा आहे.

झूमचा आणखी एक उपयोग फार थोड्यांना ठाऊक असतो. कॅमेरा जवळ नेऊन, लेन्स पूर्ण रुंद ठेवून फोटो काढला की कापडाच्या कडा वाकड्या दिसतात आणि चौकडीचे कापड फुगल्यासारखे वाटते. चार-पाच फूट मागे सरकून मध्यम झूम लावला की चौकडी सरळ येते. दुपट्ट्याच्या काठाचे मोजमाप फोटोवरून पाहणाऱ्या गिऱ्हाइकाला हा फरक महत्त्वाचा असतो.

कापडवाल्यांनी दुकानातच तपासाव्यात अशा गोष्टी

पहिली गोष्ट, ‘व्हाईट बॅलन्स’. ट्यूबलाइटचा, बल्बचा आणि उन्हाचा प्रकाश वेगवेगळ्या रंगाचा असतो. आपला डोळा ते सावरून घेतो, कॅमेऱ्याला मात्र सांगावे लागते. पांढरा कागद दाखवून रंग ठरवण्याची, म्हणजे ‘कस्टम’ किंवा ‘मॅन्युअल’ व्हाईट बॅलन्सची सोय असलेला कॅमेरा मिळाला तर तोच घ्यावा. बदामी कापड पिवळे दिसण्याचे मूळ बहुधा येथेच असते.

दुसरी गोष्ट, उजेड कमी-जास्त करण्याची सोय. बटणावर किंवा पडद्यावर अधिक-उणे अशी खूण असते. कॅमेरा प्रत्येक वस्तू मध्यम करड्या छटेची आहे असे धरून चालतो. त्यामुळे पांढरी चादर करडी दिसते आणि काळे बुरख्याचे कापड विटल्यासारखे दिसते. पांढऱ्या मालाला अधिक एक आणि काळ्या मालाला उणे एक केले की दोन्ही आपल्या रंगावर येतात.

तिसरी, फ्लॅश पूर्ण बंद करता येतो की नाही. साटीन, जरी आणि चमकीच्या कामावर फ्लॅश पडला की पांढरा डाग उमटतो व नक्षी नाहीशी होते. चौथी, जवळून फोटो घेण्याची ‘मॅक्रो’ सोय, म्हणजे टाका व वीण स्पष्ट दिसते. पाचवी, तळाला तिपाईचा आटा आणि दोन सेकंदांचा टायमर, म्हणजे बटण दाबताना हात हलून फोटो बिघडत नाही.

आमची सूचना अशी की दुकानात जाताना आपल्याच कापडाचे तीन तुकडे सोबत न्यावेत : एक पांढरा, एक काळा आणि एक बारीक चौकडीचा. विक्रेत्याच्या तोंडच्या वर्णनापेक्षा या तीन तुकड्यांचे फोटो जास्त खरे बोलतील.

बारीक विणीवरच्या लाटा

कापडाच्या फोटोत कधी कधी इंद्रधनुष्यासारख्या लाटा किंवा वर्तुळे उमटतात, जी कापडावर मुळीच नसतात. गिऱ्हाइकाला वाटते छपाईत दोष आहे. वस्तुतः धागे ठरावीक अंतरावर असतात आणि सेन्सरवरील ठिपकेही ठरावीक अंतरावर असतात. मच्छरदाणीच्या दोन जाळ्या एकमेकींवर धरल्या की जशा लाटा दिसतात तसेच येथे होते. यास ‘मॉयरे’ म्हणतात. कॅमेरा फूटभर पुढे-मागे करावा किंवा कापड थोडे तिरके धरावे, लाटा नाहीशा होतात.

जुन्या चोकच्या ट्यूबलाइटखाली फोटोवर आडवे पट्टे येण्याचे कारण निराळे आहे. आपली वीज ५० हर्ट्झची असल्याने अशी नळी सेकंदाला १०० वेळा उघडझाप करते. शक्य असेल तेथे सकाळी दहा-अकराच्या सुमारास खिडकीजवळ, थेट ऊन टाळून फोटो काढावा. ऊन येतच असेल तर खिडकीला पांढरी चादर लावावी. यासाठी एक पैसाही पडत नाही आणि महाग दिव्यापेक्षा रंग चांगला येतो.

बॅटरी आणि कार्ड

काही कॅमेरे पेन्सिल सेलवर चालतात, उदाहरणार्थ निकॉनचा कूलपिक्स ए-१० किंवा कोडॅक पिक्सप्रो एफझेड-४५. असे सेल कोणत्याही नाक्यावर मिळतात, पण साधे सेल लवकर उतरतात. पुन्हा चार्ज होणारे सेल व चार्जर घेणे स्वस्त पडते. काहींना स्वतःची लिथियम बॅटरी असते, जसे कॅनन इक्सस १८५ किंवा कोडॅक पिक्सप्रो एफझेड-५५. अशा वेळी त्या क्रमांकाची बॅटरी बाजारात मिळते का याची खात्री आधी करावी. बॅटरी मिळत नसलेला कॅमेरा म्हणजे शोभेची वस्तू.

वरीलपैकी निकॉन व कॅननचे कॅमेरे आणि सोनीचा डब्ल्यू-८३० हे आता मुख्यतः जुन्या बाजारातच आढळतात. पिक्सप्रो कॅमेऱ्यांबाबत एवढे लक्षात ठेवावे की कोडॅक कंपनीने जानेवारी २०१२ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला होता व त्यानंतर हे कॅमेरे दुसरी कंपनी परवान्याने त्या नावाखाली काढते. त्यामुळे जुन्या नावावर भिस्त न ठेवता दुरुस्ती कोठे होते ते विचारावे.

कार्ड साधे एसडी असावे. फार जुन्या कॅमेऱ्यांत एक्सडी किंवा सोनीचे मेमरी स्टिक लागते, ते मिळवण्यात वेळ जातो. २००६ पूर्वीचे बहुतेक कॅमेरे २ जीबीपेक्षा मोठे कार्ड ओळखत नाहीत, तर नंतरचे काही ३२ जीबीवर थांबतात. नमुन्यांच्या कामाला ३२ जीबी पुष्कळ झाले.

जुना कॅमेरा घेताना

मुंबईत फोर्टमधील बोरा बाजार ही कॅमेऱ्यांची जुनी बाजारपेठ आहे. तेथे किंवा अन्यत्र जुना माल घेताना पुढीलप्रमाणे तपासणी करावी. कॅमेरा दहा वेळा चालू-बंद करावा, लेन्स अडखळता कामा नये. झूम शेवटपर्यंत नेऊन परत आणावा. लेन्स हाताने झाकून एक फोटो घ्यावा, त्यात पांढरे-लाल ठिपके दिसले तर सेन्सर खराब झाला आहे असे समजावे. लेन्सवर तिरका टॉर्च मारून आत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी आहे का ते पाहावे. पांढऱ्या भिंतीचा फोटो घेऊन करडे डाग शोधावेत, ते आत गेलेल्या धुळीचे असतात. बॅटरी फुगलेली नसावी. शेवटी आपले कार्ड घालून फोटो संगणकावर उघडून पाहावेत. जो विक्रेता दहा मिनिटांची ही तपासणी करू देत नाही, त्याच्याकडून घेऊ नये. मूळ बिल मागावे, म्हणजे चोरीचा माल गळ्यात पडण्याचा धोका टळतो.

बिल, कर आणि हक्क

नव्या डिजिटल कॅमेऱ्यावर १८ टक्के जीएसटी आहे. १ जानेवारी २०१९ पूर्वी तो २८ टक्के होता. दहा हजारांच्या कॅमेऱ्यावर १८०० रुपये कर होतो. आपली नियमित जीएसटी नोंदणी असेल आणि कॅमेरा धंद्यासाठी असेल, तर आपला जीएसटी क्रमांक घालून बिल घ्यावे, म्हणजे या कराची वजावट मिळू शकते. कंपोझिशन योजनेतील व्यापाऱ्यांना ही वजावट नाही. बिलाविना हजार-पाचशे वाचवणारे बंधू वजावट व वॉरंटी दोन्ही गमावतात. बाहेरून आलेल्या माल‍ाला भारतातील वॉरंटी लागू आहे का, तेही बिलावर लिहून घ्यावे.

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ हा २० जुलै २०२० पासून लागू झाला. धंद्यासाठी घेतलेल्या वस्तूंबाबत त्याचे संरक्षण सहसा मिळत नाही. परंतु स्वयंरोजगाराने केवळ स्वतःचा उदरनिर्वाह चालवण्यासाठी वस्तू वापरणारा माणूस कायद्याने ग्राहकच मानला जातो. घरी बसून भरतकाम करणाऱ्या भगिनीला किंवा एकट्याने काम करणाऱ्या कारागिराला हा हक्क आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

रुई आणि पाऊस

भिवंडीच्या गाळ्यांत हवेत कापसाची रुई उडत असते. कॅमेऱ्याची लेन्स आत-बाहेर होताना ती रुई ओढून घेते आणि काही महिन्यांत लेन्स अडकते. त्या दुरुस्तीचा खर्च पुष्कळदा कॅमेऱ्याच्या किमतीइतका येतो. म्हणून मागाशेजारी कॅमेरा उघडू नये, नमुना कचेरीत आणून फोटो घ्यावा. काम झाले की कॅमेरा चेनच्या पिशवीत ठेवावा. पावसाळ्यात घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवल्यास बुरशी धरत नाही.

फोटो पाठवताना

उत्तम फोटोही पाठवताना बिघडतो. व्हॉट्सॲपवर तो साधा पाठवला की लहान होतो व बारीक वीण पुसली जाते. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवल्यास मूळ दर्जा राहतो. फोटोत कापडाच्या कडेला पांढरा कागद व फूटपट्टी ठेवावी, म्हणजे समोरच्याला रंगाचा आणि नक्षीच्या आकाराचा अंदाज येतो. सोबत पन्हा, सुताचा काउंट व शेड क्रमांक लिहावा. रंगाचा सौदा मात्र फोटोवर पक्का करू नये, कारण समोरच्याच्या मोबाईलचा पडदाही आपला रंग मिसळतो. कापडाचा तुकडा पाठवून मगच ‘हो’ घ्यावे.

आणखी एक गोष्ट. संगणकावर रंग खुलवणे, डाग पुसणे, तुटलेला धागा झाकणे आज सोपे झाले आहे. मालातला दोष गिऱ्हाइकापासून लपवू नये ही शिकवण आपल्याला नवी नाही, आणि ती दुकानात मांडलेल्या तागाइतकीच फोटोलाही लागू आहे. दोषाचा माल असेल तर दोषाचाही फोटो पाठवावा व भाव त्याप्रमाणे सांगावा. दिघाशीच्या सहा मागवाल्याकडे सुरतेच्या पेढीइतके भांडवल नसेल, पण त्याच्याकडून आलेल्या फोटोप्रमाणेच माल निघतो अशी ख्याती झाली, तर पुढच्या वेळी व्यापारी त्याला पहिला फोन करील. त्यासाठी सर्वांत महाग कॅमेरा लागत नाही. हातातला मोबाईल पुरत असेल तर त्यावरच काम चालवावे, आणि काम वाढले की वरील गोष्टी तपासून साधा, दुरुस्त होणारा, बिलाचा कॅमेरा घ्यावा, एवढेच आमचे व्यापारी व कारागीर बंधू-भगिनींना सांगणे आहे.